सहलीला कुठली बाग, याआधी ती दाखवणार कोण ते ठरवा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. घोडबंदर रोडवरच्या तीन-चार सोसायट्यांमधल्या बागप्रेमींचा तुमचा गट आहे. माणसं पस्तीसेक, त्यातली निम्मी साठी ओलांडलेली, आणि बागा बहुतेकांच्या बाल्कनीत नाहीतर गच्चीवर. गेल्या वर्षी दोन सहली काढल्यात. पहिलीत एका दिवसात चार ठिकाणं केली आणि घरी येईपर्यंत सगळे गळून गेले. दुसरीत जाताना वाटेत रोपवाटिका लागली आणि तिथेच दुपार झाली. आता तिसऱ्या सहलीला जेमतेम नऊ नावं आली आहेत. म्हणून ठाण्याहून एका दिवसात जाऊन येण्याजोग्या बागा कोणत्या, त्यांची यादी द्या आणि माणशी किती काढावेत तेही सांगा, असं तुम्ही विचारलंय.

नावं पुढे देतेच. पण तुमचं घोडं नावांपाशी अडलेलं नाही, असं मला वाटतं. मी नौपाड्यातल्या एका बागप्रेमी मंडळाच्या सहली गेली १६ वर्षं ठरवतेय, वर्षाला तीन किंवा चार. सुरुवातीची दोन वर्षं मीही तुमच्यासारख्याच भरगच्च सहली काढल्या. लोक "छान झालं हो" म्हणायचे आणि पुढच्या वेळी यायचे नाहीत. कारण शोधायला मला वेळ लागला. बाल्कनीत बारा कुंड्या असलेल्या माणसाला चाळीस एकरांची बाग फिरवून आणली, तर त्याच्या हाती फोटो लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपल्या कुंड्यांपाशी उभा राहतो तेव्हा करण्यासारखं काहीच बदललेलं नसतं. तेव्हापासून मी सहल एकाच गोष्टीवर मोजते: परत आल्यावर आठवड्याभरात किती जणांनी आपल्या बागेत काहीतरी वेगळं केलं?

याचं उदाहरण तुमच्या घराजवळचंच आहे. ओवळ्याला फुलपाखरांची वाडी आहे, ओवळेकर वाडी. आमच्यातल्या एका काकूंच्या बाल्कनीत लिंबाचं झाड होतं आणि त्याची पानं रोज कुरतडलेली दिसायची. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी बारीक अळी, मोठी झाली की हिरवीगार. काकू रोज सकाळी चिमट्याने उचलून टाकायच्या, मधूनमधून नीमतेल फवारायच्या. वाडीत आम्हाला माहिती देणाऱ्या मुलाने लिंबाची एक फांदी हातात धरली आणि कोवळं पान उलटं करून दाखवलं. मोहरीएवढं पिवळट, गोल अंडं. शेजारच्या पानावर तीच विष्ठेसारखी अळी. त्याने गवताच्या काडीने तिच्या पाठीला हळूच स्पर्श केला, तशी तिच्या डोक्यामागून केशरी, दोन टोकांची शिंगं बाहेर आली आणि उग्र वास सुटला. "शत्रूला घाबरवायला," तो म्हणाला. मग त्याने वर उडणारं काळं फुलपाखरू दाखवलं. काकू बराच वेळ त्या पानापाशीच उभ्या होत्या. ब्ल्यू मॉरमॉन हे आपल्या राज्याचं फुलपाखरू, २०१५ मध्ये तसं जाहीर झालं. त्याच्या अळ्याही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतात, हे त्यांना त्या दिवशी कळलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी लिंबाची दुसरी कुंडी आणली, एक अळ्यांसाठी आणि एक घरासाठी. त्या सहलीत आम्ही दोन तास एकाच वाडीत होतो आणि दुपारी साडेबाराला जेवायला घरी होतो.

माझा सगळा अनुभव एवढाच आहे: एका सहलीला एक बाग, एक विषय, आणि दाखवायला असा माणूस ज्याचे हात त्या मातीत रोज असतात. मालक असेल तर उत्तम, माळी असेल तर त्याहून उत्तम. बाग थोडी साधी असली तरी चालते. दाखवणारा नसेल, तर भलीमोठी बागसुद्धा तासाभरात संपते आणि लोक सावली शोधून डबे उघडतात.

आता परिस्थितीवर अवलंबून काय आहे ते सांगते, कारण माझं उत्तर जसंच्या तसं तुम्हाला लागू पडेलच असं नाही. आमचं मंडळ नौपाड्यात, स्टेशनजवळ, त्यामुळे लोकलने जाणं आम्हाला सोपं. तुम्हाला घोडबंदरहून स्टेशन गाठायलाच पाऊण तास जातो, तुमच्यासाठी गाडी बरी. आमच्यात बायका जास्त आणि बहुतेक निवृत्त, म्हणून आम्हाला आठवड्यातला कुठलाही वार चालतो. तुमच्यात नोकरी करणारे किती, यावर शनिवार-रविवारचा निर्णय ठरेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमचे लोक घरी काय लावतात? ते मला तुमच्या प्रश्नातून कळलं नाही. ठिकाण ठरवण्याआधी गटात एकच प्रश्न टाका: "तुमच्या बागेत सध्या न जमणारी एक गोष्ट सांगा." आमच्याकडे पहिल्यांदा विचारलं तेव्हा एकवीस उत्तरांपैकी आठ "मोगऱ्याला कळ्या येत नाहीत" अशी होती. त्या वर्षीची सहल आपोआप ठरली.

मोसमाबद्दल माझं मत बहुतेकांपेक्षा वेगळं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. सगळ्यांना बाग फुललेली बघायची असते. त्यात चूक काहीच नाही, आणि डोळ्यांचं सुख हवंच. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा आणि काटेसावर, सीताअशोकाचे गुच्छ, एप्रिल-मेमध्ये बहावा आणि आपलं राज्यपुष्प ताम्हण, हे प्रत्येकाने एकदा तरी मुद्दाम जाऊन बघावं. पण शिकायचं असेल तर बागेत काम चाललेलं असताना जावं. गुलाबाचंच बघा. फुलं बघायला लोक डिसेंबर-जानेवारीत जातात. ती फुलं ज्या छाटणीमुळे येतात ती ऑक्टोबरात होते. पाऊस सरला की छाटणी, आणि त्यानंतर साधारण दीड महिन्याने फुलं. आम्ही एकदा ऑक्टोबरात एका गुलाबवाल्याकडे गेलो. बागेत फूल औषधाला नव्हतं. पण डोळा, म्हणजे फांदीवरची नवा फुटवा येण्याची जागा, बाहेरच्या बाजूला बघणारा निवडायचा, त्याच्या वर पाव इंचावर तिरका काप द्यायचा, आतल्या बाजूला वाढलेली फांदी जिथून फुटली तिथपासून काढायची, हे प्रत्येकाने स्वतःच्या हाताने केलं. मालकाने छाटायची दहा झाडं आमच्यासाठी मुद्दाम ठेवली होती. डिसेंबरात गटात जे फोटो आले ते लोकांच्या स्वतःच्या गुलाबांचे होते.

असंच कोय कलमाचं. ते पावसाळ्यात, साधारण जून ते ऑगस्ट. कर्जत-नेरळच्या पट्ट्यात कलमं बांधणाऱ्या रोपवाटिका आहेत. आंब्याची कोय रुजून दहा-पंधरा दिवसांची, तांबूस पानांची कोवळी रोपं ओळीने मांडलेली असतात. कलम बांधणारा माणूस रोपाचा शेंडा कापतो, मधोमध उभी चीर देतो, हापूसच्या काडीचं टोक पाचरीसारखं तासून त्या चिरेत बसवतो आणि प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळून गाठ मारतो. मिनिटभराचं काम. आमच्यातले एक निवृत्त बँक अधिकारी त्या माणसाशेजारी पोत्यावर बसून तासभर नुसतं बघत होते. मग त्याने त्यांच्या हातात चाकू दिला. सहा कलमं बांधली, त्यातली दोन जगली. ते आजही त्या दोन झाडांबद्दल बोलतात.

म्हणून तुम्ही वर्षाला तीन सहली काढत असाल, तर एक फुलांची, एक कामाची आणि एक घराजवळची अर्ध्या दिवसाची, अशी विभागणी करा. मार्चच्या मध्यापासून जूनपर्यंत पूर्ण दिवसाची सहल ठाण्याच्या माणसांनी काढू नये. उकाडा आणि दमटपणा वयस्कर माणसांना सोसत नाही. बहावा आणि ताम्हण बघायला सकाळी सात ते नऊ, शहरातल्या शहरात.

आता ठिकाणं. यादी म्हणून न देता, मी कशासाठी नेते ते सांगते.

भायखळ्याची राणीची बाग. लोक हसतात, कारण लहानपणी प्राणी बघायला गेलेले असतात, आणि आता पेंग्विनसाठी नातवंडांना घेऊन जातात. पण ही १८६२ पासूनची बाग आहे, आणि जुनी, दुर्मीळ झाडं एका ठिकाणी इतकी दाटीने मुंबईत दुसरीकडे बघायला मिळत नाहीत. आफ्रिकेची गोरखचिंच आहे. तिच्या खोडाला चार-पाच जणांनी हात धरून कवेत घ्यावं लागतं. मूळची म्यानमारची उर्वशी आहे. जानेवारी ते मार्चच्या सुमाराला तिची लाल फुलं झुंबरासारखी खाली लोंबतात. आम्ही तिथे "एका दिवसात पाच झाडं" असा विषय घेतो. पाचच. प्रत्येक झाडाखाली वीस मिनिटं. साल हाताने बघायची, खाली पडलेलं पान उचलायचं, बी मिळालं तर चिठ्ठीत बांधायचं. बाकीची शेकडो झाडं पुढच्या वेळेसाठी. बुधवारी बाग बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर त्या दिवशी उघडी आणि दुसऱ्या दिवशी बंद, हे लक्षात ठेवा. आम्ही एकदा अशाच एका गुरुवारी चोवीस जण दाराबाहेर उभे होतो. रविवारी गर्दी असते, शिवाय लोकलने जायचं तर मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक. मधला वार घ्या, भायखळ्याला उतरा, पूर्वेला चालत थोडंसंच अंतर आहे.

महाराष्ट्र निसर्ग उद्यान, धारावी-माहीमच्या बाजूचं. ज्यांच्या गटात माती आणि खत हा विषय आहे त्यांनी इथे जावं. ३७ एकरांची ही जागा पूर्वी शहराची कचराभूमी होती. तिथे माती तयार करत, झाडं लावत १९९४ मध्ये उद्यान खुलं झालं. गच्चीवर पालापाचोळ्याची माती करणाऱ्यांना तिथे उभं राहिल्यावर जो धीर येतो तो खताच्या दहा व्हिडिओंतून येत नाही.

पुण्याचं एम्प्रेस गार्डन. ३९ एकर, जुने वृक्ष, गारंबीची अजस्र वेल. २६ जानेवारीच्या आसपास तिथलं पुष्पप्रदर्शन असतं आणि तुमच्यापैकी कुणीतरी तिथे न्यायचा आग्रह धरणारच. जा, पण सलग सुट्ट्यांच्या दिवशी नको. खंडाळ्याच्या घाटात अडकलात तर बागेत दीड तास आणि गाडीत नऊ तास असा हिशेब होतो. आणि पुण्याला गेलात तर एवढंच करा. "आलोच आहोत तर" म्हणून आणखी दोन बागा जोडल्या की तुमच्या पहिल्या सहलीसारखं होतं.

कासच्या पठाराची मागणी दर ऑगस्टात होते. दिवसाच्या सहलीला ते नको. सातारा गाठल्यावर पुढे आणखी २५ किलोमीटर, आणि रोज येणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा असल्याने आधी नोंदणी करावी लागते. मुक्काम करणार असाल तर जरूर जा. पावसाळी फुलांची हौस ठाण्याच्याच येऊरच्या जंगलातल्या पायवाटांवरही भागते. बऱ्याच वर्षांनी एकदाच फुलणारी कारवी तिथे २०१६ नंतर २०२४ मध्ये फुलली, आता आठ वर्षांचा खंड. पण तेरडा, सोनकी, कळलावी दर वर्षी असतात. रस्ता निसरडा, म्हणून साठीच्या पुढच्यांना काठी घेऊन आणि डांबरी रस्ता न सोडता.

अलिबागच्या बाजूला, नागाव-चौल-रेवदंड्याच्या नारळ-सुपारीच्या वाड्या. मी तिथे जायफळासाठी नेते. पिकलेलं फळ आपणहून उकलतं. आत काळपट तपकिरी बी, आणि त्याला लाल जाळी वेढलेली, ती जायपत्री. फळ हातात घेतल्यावर आमच्यातल्या निम्म्या बायकांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं की स्वयंपाकघरातल्या त्या दोन वेगळ्या डब्या एकाच फळातून येतात. वाडीवाल्याने पुढे सांगितलं की बियांपासूनच्या जायफळात नर झाडं आणि मादी झाडं वेगवेगळी निघतात, आणि फुलायला लागेपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षं, नर की मादी ते कळत नाही. म्हणून मादी झाडाचं कलम घ्यायचं. हे ऐकून एकाने नुकतीच कुठूनतरी आणलेली दोन रोपं आठवून कपाळाला हात लावला.

आणि वसई. तुमच्या गटासाठी माझं उत्तर हेच आहे, म्हणून यावर जास्त लिहिते.

तुम्ही घोडबंदरला राहता, म्हणजे अर्ध्या वाटेवरच आहात. गायमुखचा घाट आणि वर्सोव्याचा पूल ओलांडला की पुढे वसई. पश्चिमेकडच्या गावांतून अजून वाड्या टिकून आहेत: केळी, सोनचाफा, मोगरा, पानवेली. मुंबईच्या फुलबाजारात जाणारा चाफा तिथे भल्या पहाटे, उमलायच्या आत खुडतात. तुमच्या बाल्कनीवाल्यांना तिथे शिकण्यासारखं खूप आहे. सोनचाफ्याचंच घ्या. बियांपासून वाढवलेला चाफा उंच वृक्ष होतो आणि फुलायला कितीतरी वर्षं लावतो. कलमाचा दीड-दोन वर्षांत फुलतो. वाडीत त्याची वारंवार छाटणी करून झाड हाताच्या टप्प्यात ठेवतात, कारण फूल खुडायला माणूस चढवणं परवडत नाही. ती छाटणी कुठे आणि किती, हे तिथे उभं राहून बघितलं की मोठ्या कुंडीतला चाफा सांभाळायचा धीर येतो. आमच्या मोगऱ्याच्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच मिळालं. वाडीवाल्या मावशींनी विचारलं, "पाणी कधी तोडता?" आम्ही सगळ्या गप्प. त्यांनी सांगितलं, थंडीत मोगऱ्याचं पाणी कमी करायचं, पानं थोडी गळू द्यायची, मग हलकी छाटणी, शेणखत आणि मग भरपूर पाणी. आम्ही बाराही महिने रोज प्रेमाने पाणी घालत होतो आणि झाड नुसती पानं देत होतं.

आणि तिथली बावखलं बघा. बावखल म्हणजे वाडीशेजारी खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं, आसपासच्या विहिरी गोड राहतात. समुद्र इतका जवळ असताना केळी कशी पिकते, याचं उत्तर त्या पाण्यात आहे. बरीच बावखलं बुजली. जी उरली आहेत त्यांच्या काठावर दहा मिनिटं बसवा लोकांना. पाण्याचा विषय गच्चीवरच्या बागेलाही तितकाच जवळचा आहे.

वसईबद्दल एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. बऱ्याच वाड्या ख्रिस्ती कुटुंबांच्या आहेत आणि रविवारी सकाळी घरचे मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला जातात. तुम्ही आठ वाजता दारात उभे राहिलात तर त्यांची पंचाईत होते, आणि ते तोंडावर नाही म्हणणार नाहीत. शनिवार घ्या. नाताळच्या आधीचे पंधरा दिवसही टाळा. जानेवारीचा दुसरा किंवा तिसरा शनिवार मला योग्य वाटतो. हवा बरी असते, आणि मोगऱ्याचं विश्रांतीचं आणि छाटणीचं काम त्याच सुमाराला चालू असतं. राजेळी केळ्यांची सुकेळी कुणाकडे मिळाली तर जरूर घ्या. करणारी घरं आता थोडीच राहिली आहेत.

गाडीचं. पस्तीस माणसांना मोठी बस करायचा मोह होतो, कारण माणशी स्वस्त पडते. मी त्याऐवजी दोन टेम्पो ट्रॅव्हलर घेते. मोठी बस वाडीच्या गल्लीत शिरत नाही. एकदा आमची बस गावाबाहेरच्या नाक्यावर थांबली आणि पुढचे दीड किलोमीटर सगळ्यांना अकराच्या उन्हात चालत जावं लागलं. एका काकांना चक्कर आली आणि त्यांना एका घराच्या ओट्यावर झोपवून आम्ही मीठ-साखरेचं पाणी पाजलं. ते बरे झाले, पण त्या दिवशी बाग कुणीच नीट बघितली नाही, आणि चूक माझी होती. मी गल्ली स्वतः बघितली नव्हती, फोनवर "येते हो बस" ऐकून विश्वास ठेवला होता. दोन गाड्यांचा दुसरा फायदा म्हणजे गट आपोआप दोन होतात. उघड्यावर माईकशिवाय एका माणसाचं बोलणं पंधरा-सतरा जणांपर्यंत पोचतं. मागचे मग आपापल्या गप्पा सुरू करतात आणि दाखवणाऱ्याचा उत्साह जातो. एक गट वाडीत फिरतोय तोवर दुसऱ्याने चहा घ्यावा, मग अदलाबदल.

निघायची वेळ सकाळी सव्वासहा, साडेसहा नाही. घोडबंदर रोडचं तुम्हाला मी काय सांगणार. परतीला दुपारी तीनला वसई सोडा, म्हणजे संध्याकाळच्या कोंडीच्या आत घरी. टोल, पार्किंग आणि चालकाचा भत्ता भाड्यात धरलाय की वेगळा, हे आधी लिहून घ्या.

स्वच्छतागृहाचा प्रश्न लाजून कुणी विचारत नाही आणि त्याच कारणाने निम्म्या बायका पाणी न पिता येतात, काही तर येतच नाहीत. तुमच्या नऊ नावांमागे हेही एक कारण असू शकेल. सहलीच्या निरोपात स्पष्ट लिहा: जाताना थांबा कुठे, वाडीवर सोय आहे की नाही, कमोड आहे की भारतीय पद्धतीचं. आम्ही हे लिहायला लागल्यापासून ज्येष्ठ बायकांची नावं वाढली.

रोपवाटिका बंद करू नका, फक्त शेवटी ठेवा आणि पाऊण तास द्या. माणशी तीन रोपं, काय हवं ते आधी घरी लिहून आणायचं. गाडीत चार-पाच भाजीचे क्रेट असू द्यात, नाहीतर कुंड्या पायाशी लवंडतात आणि माती सांडल्यावरून चालकाशी वाद होतो. कलम म्हणून रोप घेताना खोडावर जोड दिसतोय का ते बघायला सगळ्यांना शिकवा. आमच्या बारा जणांना एकदा कलम म्हणून साधी बियांची रोपं मिळाली होती, आणि ते कळलं वर्षभराने. घरी आणलेलं रोप दोन आठवडे बाकीच्या कुंड्यांपासून लांब ठेवायचं. पानाच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण, तो एका रोपावरून सगळ्या बाल्कनीत पसरतो.

आणखी एक अवघड विषय, तो म्हणजे परवानगीशिवाय फांदी तोडणं. चांगली, सुशिक्षित माणसं हे करतात. पिशवीत कात्री असते आणि "एवढीशी तर फांदी" म्हणून जास्वंदीचं टोक खुडलं जातं. पस्तीस जणांनी एकेक टोक खुडलं तर त्या झाडाचं काय राहील? एका बागमालकिणीने आमच्यानंतर कुठल्याच गटाला घेतलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. आता गाडीतच सांगते: कात्र्या घरी, हवं ते माझ्यामार्फत मागायचं. मागितलं की लोक भरभरून देतात. वसईच्या मावशींनी तर मोगऱ्याच्या काड्यांची जुडी स्वतः बांधून दिली होती.

आता पैशाचं. दोन गाड्यांचं भाडं, नाश्ता-जेवण, प्रवेशशुल्क असेल तर ते, आणि दाखवणाऱ्याचं मानधन, एवढं एकत्र करून पस्तीसने न भागता अठ्ठावीसने भागा. शेवटच्या आठवड्यात सहा-सात जण गळतातच, आणि मग उरलेल्यांकडे जादा मागणं फार वाईट दिसतं. उरले तर पुढच्या सहलीला वळते करा. निम्मी रक्कम नाव देतानाच घ्या आणि ती परत मिळणार नाही हे आधी सांगा. मानधनात काटकसर नको. वाडीवाल्याची अर्धी सकाळ म्हणजे त्याचं अर्ध्या दिवसाचं काम. शाल-नारळ देऊन फोटो काढतात आणि पैशांचं पाकीट द्यायला विसरतात, असं मी फार बघितलंय. मालकाला पाकीट, आणि माळ्याने दाखवलं असेल तर त्याला वेगळं, त्याच्या हातात.

तर तुमच्यापुरतं असं करा. आधी एका रविवारी सकाळी ओवळ्याला फक्त अर्ध्या दिवसाची चक्कर मारा. उघडं आहे ना ते आदल्या दिवशी विचारून घ्या. घराजवळचं आहे, खर्च जवळजवळ नाही, त्यामुळे नऊचे वीस व्हायला हरकत नाही. तिथेच जानेवारीतल्या वसईची तारीख सांगा आणि मोगरा-चाफा हा विषय सांगा. वसईच्या वाडीची पाहणी मात्र डिसेंबरातच करून या, आणि ती ज्या वेळेला सहल असेल त्याच वेळेला. गल्लीत ट्रॅव्हलर वळते का, बसायला सावली कुठे आहे, वाडीतल्या पाटांवरून चालताना पाय कुठे घसरतो, हे सगळं बघा. पाहणीला एकट्याने जाऊ नका. गटातली सगळ्यात हळू चालणारी व्यक्ती सोबत घ्या, आणि ती जिथे जिथे थांबेल तिथे सहलीच्या दिवशी एकेक प्लॅस्टिकची खुर्ची ठेवायला वाडीवाल्यांना सांगून या.